झेंडा अर्ध्यावर

जर्मनीत नोव्हेंबरच्या मध्यास एका रविवारी गावोगावच्या स्मारकांपाशी माणसं जमतात. फोल्क्सट्राउअरटाग, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या शोकाचा दिवस. संसदेत राष्ट्राध्यक्ष मृतांचं स्मरण वाचतात. त्यात सैनिक असतात, छळछावण्यांत मारले गेलेले असतात, घरदार सोडून पळताना वाटेत मेलेलेही असतात. थिओडोर हॉइस यांनी १९५२ साली हा पायंडा पाडला.

दिवस मात्र त्याहून जुना. पहिल्या महायुद्धात जर्मनीचे सुमारे वीस लाख सैनिक पडले आणि १९२२ मध्ये संसदेत पहिली शोकसभा झाली. पुढे १९३४ मध्ये नाझींनी तो दिवस ताब्यात घेतला आणि वीरांच्या गौरवाचा केला. अर्ध्यावर उतरणारा झेंडा पूर्ण उंचीवर गेला. १९३९ पासून तर त्याची तारीख सक्तीची लष्करभरती पुन्हा सुरू झाल्याच्या दिवसाशी बांधली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युद्ध पेटलं. महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीनं हा दिवस मुद्दाम मार्चमधून नोव्हेंबरात नेला, त्या गौरवदिनाची सावली नको म्हणून.

या दिवशी बर्लिनच्या नॉये वाखे या स्मारकात पुष्पचक्र वाहतात. आत एकच शिल्प आहे: मेलेल्या मुलाला मांडीत घेऊन बसलेली आई. छताला गोल झरोका, त्यातून पाऊस नि बर्फ थेट तिच्या अंगावर पडतो. मूळ शिल्प केटे कोलविट्झ यांचं. त्यांचा धाकटा पेटर १९१४ मध्ये स्वखुशीनं सैन्यात जायला निघाला. वय अठरा, म्हणून वडिलांची परवानगी लागणार होती. वडील तयार नव्हते. केटे यांनीच त्यांचं मन वळवलं. ऑक्टोबरात पेटर बेल्जियममध्ये मारला गेला. त्याच्या दफनभूमीसाठी गुडघे टेकलेल्या आईवडिलांची शिल्पं घडवायला त्यांना १९३२ उजाडलं. दोघं एकमेकांना धरत नाहीत, ज्याचे हात त्याच्याच अंगाभोवती. त्या हातांत दुःख आहेच, पण ‘आपणच पाठवलं’ हेही मला दिसतं. गौरवदिनात या अपराधभावाला जागा नसते. १९४२ मध्ये नातू, तोही पेटर, रशियात पडला.

नॉये वाखेवर १९९३ मध्ये वाद झाला. मारणारे आणि मारले गेलेले एकाच दुःखात कसे मिसळता, असं ज्यू समाजातून विचारलं गेलं. प्रश्न रास्तच होता. नंतर दाराशी पाटी लागली, कोणाकोणाचं स्मरण ते वेगवेगळं सांगणारी. शोक सगळ्यांचा करता येतो, पण कोणी कोणाला मारलं हे पुसून नव्हे.

आपल्याकडे १६ डिसेंबर आणि २६ जुलै हे विजयाचे दिवस. त्या दिवशी शहिदांना मानवंदना दिली जाते, आणि ती दिलीच पाहिजे. तीस जानेवारीला सकाळी अकरा वाजता आपण दोन मिनिटं स्तब्ध राहतो, ते स्वातंत्र्यलढ्यातल्या हुतात्म्यांसाठी. युद्धात गेलेल्यांसाठी निव्वळ शोकाचा दिवस मात्र आपल्याला नाही. तो असावा असं मला मनापासून वाटतं. साताऱ्याकडच्या कितीतरी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलं फौजेत धाडली. त्या दिवशी तिथल्या आईला कोणी ‘वीरमाता, अभिमान वाटतो ना?’ असं विचारू नये. तिला मुलाबद्दल बोलू द्यावं, त्याला काय आवडायचं, सुट्टीवर आला की आधी कुठे जायचा. आणि ती चिडली, सरकारला बोलली, तर तेही ऐकून घ्यावं.