विमानाचे वैद्य

"मोठेपणीं तूं कोण होणार?" असें पाहुण्यांनीं विचारलें, कीं दहांतला एक तरी मुलगा "वैमानिक" म्हणून सांगतो. विमान दुरुस्त करीन, असें म्हणणारा विद्यार्थी मात्र आमच्या साऱ्या अध्यापनकाळांत आम्हांस भेटला नाहीं. यांत मुलांचा दोष नाहीं. आमच्या घरांतून लेखणीस देव्हाऱ्याशेजारीं जागा, आणि पान्हा पाहिला कीं वडील मंडळींच्या कपाळास आठी! कालिदासानें रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत पुष्पकांतून दिसणारी पृथ्वी वर्णिली. परंतु पुष्पकाचें तेलपाणी कोण करीत असे, हें सांगण्याचें त्यासही सुचलें नाहीं.

वैमानिक शास्त्र नांवाच्या ग्रंथाचा अभिमान बाळगणाऱ्या वाचकांस येथें एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील अभ्यासकांनीं १९७४ सालीं त्या ग्रंथांतील विमानांची छाननी केली, आणि तीं उडूं शकणार नाहींत असा निर्णय दिला. आम्ही संस्कृताचे अभिमानी आहों, आणि म्हणूनच खोट्या अलंकारांची त्या भाषेस गरज नाहीं असें मानतों.

राईट बंधूंचें नांव प्रत्येक क्रमिक पुस्तकांत असतें. परंतु १९०३ सालच्या त्यांच्या विमानाचें सुमारें बारा अश्वशक्तीचें एंजिन ज्यानें अवघ्या सहा आठवड्यांत घडविलें, तो त्यांच्या सायकलच्या दुकानांतील कारागीर चार्ल्स टेलर किती जणांस ठाऊक आहे? त्याचा जन्मदिवस, २४ मे, हा अमेरिकेंत आतां विमान-दुरुस्ती करणारांचा दिवस म्हणून पाळतात. पण उतारवयांत त्या बिचाऱ्यास हलाखीच सोसावी लागली.

या कामांत पणास काय लागलेलें असतें, तें एका उदाहरणानें सांगतों. १० जून १९९० रोजीं बर्मिंगहॅमहून मालागास निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढील काच आकाशांत निखळली आणि मुख्य वैमानिक अर्धाअधिक बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनीं त्यास घट्ट धरून ठेवलें, सहवैमानिकानें साउथॅम्प्टनला विमान उतरविलें, आणि सुदैवानें कोणीही दगावलें नाहीं. चौकशींत काय आढळावें? उड्डाणापूर्वीं सुमारें २७ तास ती काच नवी बसविलेली होती, आणि तिच्या ९० बोल्टांपैकीं ८४ बोल्ट इंचाच्या हजार भागांतील २६ भागांनीं बारीक होते! पुस्तक न उघडतां, जुन्या बोल्टाशीं नुसत्या नजरेनें जुळवून ते निवडले होते. आम्ही वर्गांत ऱ्हस्वदीर्घासाठीं छडी उगारीत असूं तेव्हां पालक हंसत. येथें तर केसाएवढ्या अंतरासाठीं प्राणाशीं गांठ आहे.

म्हणूनच या धंद्याची शिस्त एखाद्या याज्ञिकासही लाजवील अशी आहे. प्रत्येक हत्यार मोजून घ्यावयाचें व मोजून परत ठेवावयाचें. एक पेचकस सांपडला नाहीं तर तो सांपडेपर्यंत विमान सोडीत नाहींत. वैद्यानें पोटांत दुर्बीण घालावी तशी नळी एंजिनांत घालून आंतलीं पातीं पाहतात. सहा किंवा बारा वर्षांनीं विमान अंगचा सांगाडा दिसेपर्यंत उघडून तपासतात. शेवटीं परवानाधारक अभियंता सही करतो, आणि त्या सहीवांचून विमान जागचें हलत नाहीं. लेखणीचा मान राखणाऱ्या घराण्यांस याहून जबाबदारीची सही ती कोणती हवी?

कामाची वाणही नाहीं. २०२३ सालीं एअर इंडियानें ४७० आणि इंडिगोनें ५०० विमानांची मागणी नोंदविली. वीस वर्षांत जगास ७ लक्ष १६ हजार नवे विमान-तंत्रज्ञ लागतील, असा बोइंगचा २०२४ सालचा अंदाज आहे. आमच्या दाराशींच नाशिकजवळ ओझरास १९६४ पासून हिंदुस्थान एरॉनॉटिक्सचा कारखाना आहे. १७ ऑक्टोबर २०२५ रोजीं तेथें तयार झालेलें तेजस विमान उडालें. नागपुरास मिहानमध्यें दुरुस्तीचें मोठें केंद्र आहे. आणि हासूरचंपूसारख्या खेड्यांत जन्मलेल्या विष्णु माधव घाटगे यांनीं आंखलेलें एच्.टी.-२ हें विमान १९५१ सालींच उडालें होतें. त्यांचें नांव तरी मुलांच्या कानीं घालावें.

मात्र वडिलांनीं डोळे उघडे ठेवावे. बारावीस भौतिक, रसायन आणि गणित हवें. बी-१ हा परवाना एंजिन व सांगाडा यांचा, बी-२ हा विद्युत् व दूरसंचार यंत्रांचा. दोन्ही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांनंतरच मिळतात. अभ्यासक्रम संपला म्हणजे परवाना हातीं आला, असें नव्हे. कित्येक मुलें एकदोन विषयांसाठीं वर्षानुवर्षें खोळंबतात. शुल्क जबर असतें. विमानें दिवसा उडतात, सबब पुष्कळसें काम रात्रीं चालतें. दिवाळीच्या अभ्यंगास चिरंजीव हॅंगरांत असतील, हें आजीबाईंस आधींच सांगून ठेवावें. कन्येनें हा मार्ग धरूं म्हटलें तर आत्याबाईंनीं तेलकट हातांचें निमित्त काढूं नये. साबण सर्वत्र मिळतो. विद्यालयास महासंचालनालयाची मान्यता आहे कीं नाहीं, व कोणत्या परवान्यापुरती, हें लेखी पाहिल्यावांचून शुल्काचा पहिला हप्ताही देऊं नये.