प्रभार पाठ करू नका, मोजा!

चुंबक आपले चुंबकत्व वर्षानुवर्षे टिकवतो. काही पदार्थ त्याचप्रमाणे विद्युत्प्रभार टिकवून धरतात. ऑलिव्हर हेविसाइड यांनी 1885 साली त्यांना ‘इलेक्ट्रेट’ हे नाव सुचवले. पुढे जपानच्या मोतोतारो एगुची यांनी 1919 च्या सुमारास मेण व राळ वितळवून, प्रबळ विद्युत् क्षेत्रात थिजवून इलेक्ट्रेट तयार केले. आज टेफ्लॉन, पॉलिप्रॉपिलीन अशी बहुवारिके त्यासाठी वापरतात. 1962 साली सेसलर व वेस्ट यांनी अशा पातळ पापुद्र्याचा मायक्रोफोन बनवला. एन-95 मास्कमधले तंतूही इलेक्ट्रेटच. ते धुळीचे सूक्ष्म कण ओढून धरतात.

असा मास्क स्पिरिटमध्ये भिजवून वाळवला, तर तो दिसतो तसाच. पण प्रभार गेल्याने त्याची गाळण्याची ताकद बरीच घटते. डोळ्यांना न दिसणारे हे नुकसान मोजल्यावाचून कळत नाही. मोजणेही सरळ नाही. तंतूंवर धन व ऋण दोन्ही प्रभार असल्यास त्यांची बेरीज शून्याजवळ येते आणि विद्युत्दर्शीची पाने हलत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेत नमुना दोन विद्युत्अग्रांमध्ये ठेवून सावकाश तापवतात. अडकलेले प्रभार सुटतात, ध्रुवीभवन मोडते आणि अत्यल्प प्रवाह वाहतो. प्रवाह व काळ यांच्या आलेखाखालील क्षेत्रफळ म्हणजे सुटलेला प्रभार.

आपल्याकडे ‘लातूर पॅटर्न’चा बोलबाला आहे. त्यामागची मेहनत मला मान्य आहे. पण प्रभाराची शंभर गणिते सोडवलेल्या मुलाने एकदाही प्रभार मोजलेला नसेल, तर ते शिक्षण अपुरे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खर्चाची सबब चालणार नाही. काचेची बाटली, बुचातून खोवलेली तांब्याची तार आणि वर्खाच्या दोन अरुंद पट्ट्या एवढ्यावर विद्युत्दर्शी होतो. प्लॅस्टिकचे झाकण लोकरीने घासा. ते तारेच्या वरच्या टोकापासून दोन सेंटिमीटरवर धरा, तारेला लावू नका. पट्ट्यांमधला कोन कोनमापकाने मोजा. दर पंधरा मिनिटांनी त्याच अंतरावर पुन्हा मोजून आलेख काढा. हाच प्रयोग एप्रिलच्या कोरड्या हवेत करा आणि जुलैच्या दमट हवेतही करा. दोन आलेख वेगळे का आले, याचे उत्तर गाइडमध्ये शोधू नका. आपसांत वाद घाला.

शिक्षकांना विनंती एवढीच, की नांदेड-लातूरकडचा कोरडा उन्हाळा ही स्थिरविद्युतीची फुकट मिळालेली प्रयोगशाळा आहे. ती कुलूपबंद ठेवू नका.