हो, नाही आणि कोरे

संगणकावरील अर्जात ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यापुढे जी दोन वर्तुळे असतात, त्यांस रेडिओ बटण म्हणतात. जुन्या मोटारींतील रेडिओची एक कळ दाबली की आधी दाबलेली कळ आपोआप वर येई, त्यावरून हे नाव पडले. वर्तुळे दोन असली तरी अवस्था मात्र तीन: हो, नाही आणि अद्याप काहीच नाही. अर्ज रचणाऱ्यांना नेमका या तिसरीचाच विसर पडतो.

एकही वर्तुळ न निवडता अर्ज पाठविला, तर ब्राउझर त्या प्रश्नाविषयी काहीच धाडीत नाही; प्रश्नाचे नावसुद्धा नाही. मग पलीकडील प्रोग्राम ‘हो आले नाही, त्याअर्थी नाही’ असे ठरवून मोकळा होतो. मौन म्हणजे संमती, हे आपण ऐकत आलो. येथे मौन म्हणजे नकार! समजा, शाळेच्या प्रवेश-अर्जात ‘घरी मराठी बोलतात काय?’ असा प्रश्न आहे. पालकांनी घाईत तो सोडला, की ते घर अमराठी ठरले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेला संविधानाचा अनुच्छेद ३५०-क सांगतो. पण अशी मुले किती, हे जर या अर्जांवरून मोजले, तर आपली संख्या आपल्याच घाईने घटावयाची.

काही ठिकाणी ‘नाही’ आधीच निवडून ठेवलेले असते. ही सोय नव्हे. न दिलेले उत्तर दुसऱ्याच्या तोंडी घालणे होय. एचटीएमएलमध्ये ‘रिक्वायर्ड’ हा एक शब्द घातला की उत्तरावाचून अर्ज पुढे जात नाही. तरी सर्व्हरवरही तपासणी हवीच. आणि ज्याला सांगावयाचे नाही, त्याच्यासाठी तिसरे वर्तुळ ठेवावे, कारण एकदा निवडलेले वर्तुळ पुन्हा दाबून रिकामे होत नाही.

नोंदवहीत, म्हणजे डेटाबेसमध्ये, कोऱ्या उत्तरास ‘नल’ म्हणतात. तो शून्यही नव्हे, नकारही नव्हे. एसक्यूएलमध्ये ‘ज्यांचे उत्तर हो नाही’ अशी घरे मागितली, तरी नल असलेली घरे हाती येत नाहीत. समजा, ४० अर्जांत २२ हो आणि ११ नाही निघाले. उरलेली ७ घरे ‘इज नल’ असे निराळे विचारल्यावरच सापडतात. त्या ७ घरी शिपाई धाडून विचारता तरी येते. तेथे आधीच ‘नाही’ लिहिले गेले असते, तर शिपायाला कोणाच्या दारी पाठवावयाचे, हेही कळले नसते.