नौदलाची पुस्तके, कॉलेजची मुले

अमेरिकेच्या नौदलाने नव्या भरतीच्या पोरांना वीज आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यासाठी २४ भागांची पुस्तकमाला तयार केली. ‘नीट्स’ हे तिचे नाव. (वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’शी तिचा काही संबंध नाही, हे सांगितलेले बरे.) वाचणाऱ्याला काहीही येत नाही, हे लिहिणाऱ्यांनी मोकळेपणाने गृहीत धरले आहे. थोडा मजकूर झाला की मध्येच प्रश्न आणि त्याचे उत्तर प्रकरणाच्या शेवटी. मास्तर जवळ नसला तरी बोटीवर बसून शिकता यावे, असा हा बेत.

अमेरिकेत केंद्र सरकारच्या नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुरावर कॉपीराइट नसतो. म्हणूनच नौदलाचे विजेवरचे आणि साध्या यंत्रांवरचे पुस्तक न्यूयॉर्कच्या डोव्हर प्रकाशनाने १९७०च्या सुमारास छापले आणि ते सर्वसामान्य वाचकाच्या हाती पडले. तरफ, कप्पी, दातेरी चक्रे हे सारे त्यात जहाजावरच्या रोजच्या कामातून समजावले आहे. आपल्या डिप्लोमाच्या मुलालाही ‘नीट्स’ आज फुकट मिळते.

पण परक्याचे पुस्तक ते परक्याचेच. तिथले घरगुती दाब १२० व्होल्ट आणि वारंवारिता ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० आणि ५०. हे एकवेळ चालून जाईल. खरी पंचाईत पुढेच आहे. ही माला प्रवाह ऋण टोकाकडून धन टोकाकडे जातो असे मानते, कारण इलेक्ट्रॉन तसेच वाहतात. आपली पाठ्यपुस्तके उलट दिशा धरतात. तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रासाठी आपला विद्यार्थी उजवा हात पुढे करतो, तर हे पुस्तक त्याला डावा करायला सांगते. दोन्ही बरोबर, पण हे सांगायला शेजारी कोणी नसेल, तर एकट्याने शिकणारे पोर परीक्षेत हमखास गडबडते.

मग आपल्या सैन्यदलांचे काय? लोणावळ्याला ‘आयएनएस शिवाजी’वर सागरी अभियांत्रिकी शिकवतात, जामनगरच्या ‘वालसुरा’त वीज, दापोडीत लष्करी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. दहावी-बारावी झालेल्या मुलांतून कुशल तंत्रज्ञ घडवण्याचा आपल्या नौदलाचा अनुभव काही दशकांचा आहे. मात्र १९५७च्या कायद्याने सरकारी लिखाणाचा पहिला मालक सरकारच, तोही प्रकाशनानंतर ६० वर्षे. त्यामुळे सरकारने स्वतःहून दिल्याखेरीज ते बाहेर येणे नाही.

गुप्ततेचा मुद्दा कोणी काढील. क्षेपणास्त्राची रचना कोणी मागत नाही. डिझेल इंजिनाचा इंजेक्टर कसा उघडावा, मोटरचे वाइंडिंग जळले हे कसे ओळखावे, यात कोणते लष्करी गुपित? युद्धनौकेवरच्या आणि शेतातल्या डिझेल इंजिनाचे तत्त्व एकच. संरक्षण मंत्रालयाने प्रशिक्षणातील असे प्राथमिक भाग वेगळे काढून राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाकडे द्यावेत. मराठीत आणण्याचे काम मंडळाचे.