उतरलेले वजन पुन्हा चढते तेव्हा



वजन उतरले की सगळे विचारतात, "काय केलंत?" तेच वजन पुन्हा चढू लागले की कुणी विचारत नाही, नुसते बघतात. लठ्ठपणाची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या स्त्रीला हे बघणे फार लागते. ऑपरेशनसाठी कुणी दागिने मोडलेले असतात, कुणी कर्ज काढलेले असते. त्यामुळे "एवढं करून काय उपयोग झाला?" हा प्रश्न ती स्वतःलाच विचारू लागते.

माझ्या ओळखीच्या एका भाभींचे असेच झाले. सासर सांगलीला, माहेर साताऱ्याला. चार वर्षांपूर्वी पुण्यात ऑपरेशन झाले. ११८ किलोवरून त्या ७९ वर आल्या आणि शुगरची गोळी बंद झाली. आता वजन ९१ आहे आणि गोळी पुन्हा सुरू झाली आहे. दोन वर्षे त्या तपासणीला गेल्या नाहीत. कारण विचारले तर म्हणाल्या, "डॉक्टरांना काय तोंड दाखवू?"

या शरमेवरच आज लिहायचे आहे, कारण वाढलेल्या वजनापेक्षा शरमेने जास्त नुकसान होते.

ऑपरेशनने नेमके काय होते, ते आधी समजून घेऊ. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात व एक अरुंद नळी ठेवतात. काढलेल्या भागातच भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक जास्त तयार होते, म्हणून सुरुवातीला भूकच लागत नाही. 'बायपास'मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हींत पहिले वर्ष-दीड वर्ष वजन झपाट्याने उतरते. त्यानंतर भूक थोडी परत येते, जठर थोडे सैल होते आणि हलके झालेले शरीर कमी उष्मांकांत काम भागवू लागते.

म्हणून थोडे वजन परत येणे नवलाचे नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून दोन हजारांवर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास करण्यात आला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के घटले होते, तर दहा वर्षांनी ही घट २५ टक्के राहिली होती. म्हणजे १२० किलोचा माणूस ८२ पर्यंत उतरून पुढे ९० च्या आसपास स्थिरावला, तर ते ऑपरेशन वाया गेले असे होत नाही. मात्र वजन चढतच राहिले, शुगर किंवा रक्तदाब परत आला, तर थांबून कारण शोधायलाच हवे.

कारणे अनेक असतात. एका वेळी पोटभर खाता येत नाही, म्हणून दिवसभर थोडे थोडे तोंडात टाकण्याची सवय लागते. मूठभर भडंग, अर्धा कंदी पेढा, मुलांच्या ताटात उरलेला घास. साखरेचा चहा, शरबत, आइस्क्रीम तर अरुंद जठरातूनही सहज उतरते. काही औषधे, थायरॉइड, गरोदरपण आणि अपुरी झोप यांनीही वजन वाढते. क्वचित पोटातील जोडणीतच दोष निर्माण झालेला असतो, तो दुर्बिणीच्या तपासणीतच कळतो. म्हणून "जिभेवर ताबा नाही" असा निवाडा घरच्यांनी परस्पर देऊ नये.

परतीची वाट डॉक्टरांपासूनच सुरू होते. पुण्याला जाणे प्रत्येक वेळी जमत नसेल तर रक्ततपासण्या सांगली-मिरजेत करून अहवाल सर्जनला पाठवता येतात, आहारतज्ज्ञांशी फोनवर बोलता येते. आठवड्यातून एकदा वजन करावे आणि खाल्लेले सगळे वहीत लिहावे. जेवताना आधी प्रथिने खावीत: अंडी, मासे, चिकन, डाळ, पनीर, दही. साधारणपणे दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात, आणि एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम मिळतात. भात-चपाती त्यानंतर. पाणी जेवणासोबत नको, अर्ध्या तासाने प्यावे. आठवड्याला निदान १५० मिनिटे भरभर चालावे. त्यासाठी सांगलीत आमराई आहे, साताऱ्यात अजिंक्यताऱ्याची वाट आहे. पाच दिवस नुसत्या पातळ आहारावर राहून जठर पुन्हा लहान होते, असे सांगणाऱ्यांवर मात्र विश्वास ठेवू नका.

भारतात २०२५ पासून वजन कमी करणारी नवी इंजेक्शनेही मिळू लागली आहेत. काहींना ती उपयोगी पडतात, पण शेजारणीने घेतली म्हणून घ्यायची ती वस्तू नव्हे.

आपल्या घरांतील दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. ऑपरेशननंतर जीवनसत्त्वे, लोह आणि कॅल्शियम आयुष्यभर घ्यावे लागते. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असते म्हणून काही भगिनी औषधच सोडतात. तसे न करता डॉक्टरांना सांगावे. साधी गोळी, चघळायची गोळी किंवा इंजेक्शन असे पर्याय असतात. दुसरी गोष्ट रमजानची. रोजा ठेवावा की नाही, हे आधी डॉक्टरांना विचारावे. आजाऱ्याला शरीयतने सवलत दिली आहे. परवानगी मिळाली तर एक खजूर आणि घोट घोट पाणी घेऊन मगरिबची नमाज अदा करावी, मग प्रथिनांचे जेवण घ्यावे. भजी आणि शरबताने सुरुवात झाली की महिनाभराच्या रोजांनंतरही ईदला वजन वाढलेलेच दिसते.

शेवटी घरच्यांसाठी. ऑपरेशन एकीच्या पोटाचे झाले, दस्तरखान मात्र पूर्वीचेच राहिले. वलीम्यात "बस, एक निवाला!" म्हणून तिच्या ताटात बिर्याणी वाढणारे आपणच, आणि महिन्याने तिचे वजन बघणारेही आपणच. कमी खाण्याची सुन्नत आपण तकरीरीत ऐकतो, तिला दस्तरखानावरही जागा द्यायला हवी. तिच्यासाठी वेगळे पथ्य करण्यापेक्षा घरभराचे तेल आणि साखर कमी केली, तर फायदा मुलांनाही होईल.

त्या भाभींच्या नणंदेने गेल्या महिन्यात स्वतः फोन करून डॉक्टरांची वेळ घेतली आणि रेल्वेने सोबतही गेली. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी आधी तपासण्या लिहून दिल्या आणि मग म्हणाले, "बरं झालं, आलात." तुमच्या घरात अशी कुणी असेल तर तिच्यासाठी आजच एवढे करा. अल्लाहतआला सर्वांना सेहत देवो. आमीन.