सलाईनच्या बाटलीचा हिशेब



बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल वाचतो. खताच्या गोणीचा भाव चार दुकानांत विचारतो. घरात ताप शिरला की मात्र हा हिशेब सुटतो. आजार येतात ते आषाढ-श्रावणात, म्हणजे पैसा सगळा पेरणीत अडकलेला असतो तेव्हाच. मग उसनवारी करून सुई टोचून घ्यायची, बाटली लावून घ्यायची. सलाईनशिवाय अंगात ताकद येत नाही, हा समज गावोगाव पक्का बसला आहे.

या बाटलीत असते काय? नेहमीच्या एक लिटर सलाईनमध्ये 9 ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी. उलटी थांबत नसेल, रोगी गुंगीत असेल, लघवी बंद झाली असेल, तर हीच बाटली जीव वाचवते. तेव्हा तासभरही दवडू नये. पण ज्याला पिता येते, त्याला तोंडावाटे पाणी द्यावे. 1971 साली बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा घातलेले पाणी पाजून मरणाचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. आजची ओआरएसची पुडी त्याच मार्गातली. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. लहान मुलांना जुलाबात याबरोबर झिंकच्या गोळ्याही 14 दिवस द्यायच्या असतात.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. साध्या सर्दी-पडशावर अँटिबायोटिक चालत नाही. ज्या पाकिटावर तांबडी रेघ आहे, ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. दिलेला डोस बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये, उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत. डेंग्यूची शंका असेल तर अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेऊ नये. रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या मापात. ताप उतरताना पोट दुखले, उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आले, तर तडक दवाखाना गाठावा.

आजार टाळणे याहून स्वस्त. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस रांजण, टाक्या, हौद रिकामे करून घासावेत.

काही सगळेच आपल्या हातात नाही. विहिरीत टीसीएल टाकणे ग्रामपंचायतीचे काम आहे, उपकेंद्रात ओआरएस ठेवणे सरकारचे. आमचे म्हणणे असे, की या बैठकीतून परतल्यावर प्रत्येक गावाने दोन गोष्टी कराव्यात. कोरडा दिवस ठरवावा, आणि पाऊस लागण्याआधी उपकेंद्रात जाऊन पुड्या मोजाव्यात. नसतील तर लेखी मागाव्यात. शेतमालाच्या भावासाठी रस्त्यावर बसणाऱ्यांना एवढे जड नाही.