बालवाडीचा हक्क कोण मागणार?

आमच्या चळवळीत शिक्षणाचा विषय निघाला की बोलणे होते ते शिष्यवृत्तीचे, वसतिगृहांचे, राखीव जागांचे आणि स्पर्धा परीक्षांचे. ते झालेच पाहिजे. त्या लढाया अजून संपलेल्या नाहीत. परंतु ज्या वयात मूल प्रथमच घराबाहेर चार मुलांत बसते, त्या तीन ते सहा वर्षांच्या वयाबद्दल आमच्या सभांत, ठरावांत आणि निवेदनांत एक ओळही नसते. बालवाडी म्हणजे लेकरे सांभाळायची जागा, तिथे काय शिकायचे असते, असा आमचाही समज झालेला आहे. हा समज मोडल्याशिवाय बाबासाहेबांचा ‘शिका’ हा आदेश शेवटच्या घरापर्यंत पोहोचणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तळवड्याचे उदाहरण घेऊ. इंद्रायणीकाठचे हे शेतीचे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. आज एकीकडे आयटी पार्क आणि दुसरीकडे फॅब्रिकेशनच्या, पॅकिंगच्या पत्र्याच्या शेड अशी त्याची ओळख आहे. मराठवाडा-विदर्भातून आणि परराज्यांतून पोटासाठी आलेली कुटुंबे इथल्या चाळींत, भाड्याच्या खोल्यांत राहतात. नवरा-बायको दोघेही कामावर जातात. मग तीन वर्षांच्या मुलापुढे तीन वाटा उरतात. एक, थोरल्या बहिणीची कड. त्यात बहिणीची शाळा बुडते. दोन, गल्लीतल्या एखाद्या गाळ्यात चालणारी ‘इंग्लिश मीडियम’ नर्सरी. तीन, महापालिकेची बालवाडी किंवा अंगणवाडी. वस्तीत पत आहे ती दुसरीला, कारण तिथे टाय आणि बूट मिळतात.

आता चांगल्या बालवाडीत नेमके काय घडते ते नीट पाहू. मुले गोल करून बसतात. बाई पुढ्यात चिंचोके आणि बाटल्यांची बुचे ठेवतात. लाल बुचे इकडे, निळी तिकडे. मग एका बुचावर एक चिंचोका. शेवटी एक चिंचोका उरतो आणि मूल विचारात पडते, बूच कमी पडले की चिंचोका जास्त झाला? हे गणित आहे, आणि ते कोणी घोकून घेतलेले नाही. मातीचे गोळे वळताना बोटांत बळ येते. याच बोटांनी पुढे पेन्सिल धरायची असते. झोपाळ्यासाठी थांबताना आपली पाळी येणार हे कळते, आणि दुसऱ्याचीही पाळी असते हेही कळते. भातुकलीत तर सगळी वस्ती उतरते. कामगारांच्या मुली भातुकलीत नुसता स्वयंपाक करीत नाहीत. डबा भरून ‘कंपनीत’ जातात आणि त्यांच्यातलीच एक सुपरवायझर होऊन उशिरा आलेल्यांना दटावते. आईच्या कष्टाचा अर्थ मूल अशा खेळातून लावत असते. घरी वडारी, कैकाडी किंवा हिंदी बोलणारे मूल याच खेळात मराठी बोलायला लागते.

आणि तो गोल! त्याला पहिला बाक नसतो, शेवटचा बाक नसतो. बाबासाहेबांना शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले होते, हे आम्ही दर ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिनी सांगतो. जातीचा पहिला धडा मुलाला पुस्तकातून मिळत नाही. कोणाशेजारी बसायचे, कोणाचा हात धरायचा, कोणाच्या हातचे खायचे यातून तो मिळतो. तो धडा गिरवला जाण्याआधी एकाच पातेल्यातली खिचडी शेजारी बसून खाण्याचा धडा द्यायचा, तर वय हेच आहे. मात्र नुसता गोल काढल्याने समता येत नाही. गोलातही एखादे मूल कडेला सरकवले जाते, एखाद्याचे नाव हाकेत येतच नाही. म्हणून तिथे बसलेली बाई कोण आहे, तिला काय प्रशिक्षण मिळाले आहे आणि तिची कदर होते की नाही, हा आमच्या दृष्टीने सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे.

गाळ्यातल्या नर्सरीत काय चालते? तीन वर्षांच्या मुलाला वहीत रकानेच्या रकाने ए, बी, सी, डी उतरवायला लावतात. घरी अभ्यास देतात. लिहिले नाही तर ओरडा मिळतो. आमचे पालक पोटाला चिमटा घेऊन त्याची फी भरतात. त्यांची तळमळ खोटी नाही आणि आम्ही इंग्रजीच्या विरोधातही नाही. परंतु याच शहरात बड्या लोकांच्या नर्सरीत भरमसाट फी घेऊन मुलांना वाळूत, पाण्यात आणि रंगांत खेळू देतात. म्हणजे श्रीमंताच्या मुलाला खेळ आणि कामगाराच्या मुलाला घोकंपट्टी! खेळसुद्धा वरच्या वर्गाची मिरास व्हावी आणि आम्ही ती मुकाट्याने मान्य करावी काय?

अर्थ न विचारता पाठ करणे ही कोणाची परंपरा आहे? ती वेदपाठशाळेची आहे. तथागतांची रीत वेगळी होती. खोटे बोलण्याबद्दल राहुलला उपदेश करताना त्यांनी हातात पाण्याचे भांडे घेतले. तळाशी उरलेले थोडेसे पाणी दाखविले, ते फेकून दिले, भांडे पालथे केले, पुन्हा सुलटे करून रिकामे दाखविले. आणि प्रत्येक वेळी ‘तुला हे दिसते का?’ असे विचारले. राहुल तेव्हा सात वर्षांचा होता असे अट्ठकथा सांगते. आधी वस्तू, मग प्रश्न, मग विचार. चिंचोके आणि बुचे घेऊन बसलेली बालवाडीची बाई याच वाटेने जात असते.

आता कायद्याकडे वळू. राज्यघटनेच्या मूळ कलम ४५ मध्ये दहा वर्षांच्या आत १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे म्हटले होते. त्यात खालची वयोमर्यादा नव्हती. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत ही तरतूद प्राथमिक शिक्षणापुरतीच ठेवावी अशी सूचना आली, तेव्हा बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. १४ वर्षांखालील मुलाला कामाला जुंपायचे नसेल तर त्याला शिक्षणसंस्थेतच ठेवले पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद होता. परंतु २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली आणि शिक्षणाचा मूलभूत हक्क सहा ते चौदा एवढ्याच वयाला मिळाला. सहाच्या आतली मुले मार्गदर्शक तत्त्वांत राहिली, म्हणजे त्यासाठी थेट न्यायालयात दाद मागता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११ नुसार तीन वर्षांवरील मुलांसाठी सरकार पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था ‘करू शकेल’. ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यांतले अंतर वकिलाला लगेच कळते. हक्क आणि मेहेरबानी यांतले ते अंतर आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला. परंतु धोरण म्हणजे कायदा नव्हे.

या टप्प्याचा संबंध आईच्या मजुरीशी आणि जिवाशी आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाज्या मेणबत्त्या बनविणाऱ्या एका शेडला आग लागली. मरण पावलेल्यांत बहुतेक बाया होत्या. दुसऱ्यांच्या लेकरांच्या वाढदिवसाची रोषणाई करताना त्या गेल्या. त्याच आठवड्यात, ४ डिसेंबरपासून, राज्यभरातील अंगणवाडी सेविका आणि मदतनीस मानधनवाढीसाठी संपावर होत्या. शेडमधली कामगार बाई आणि अंगणवाडीतली सेविका या एकाच बाजूला उभ्या आहेत, हे त्या आठवड्याने दाखवून दिले. १९४८ च्या कारखाने कायद्यात तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तरच पाळणाघर सक्तीचे होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांनी ही अट पन्नास कामगारांवर नेली. दहा-पंधरा बायांच्या शेडला तेव्हाही सक्ती नव्हती आणि आजही नाही. मग त्या बायांच्या मुलांनी जायचे कुठे?

आमच्या मागण्या साध्या आहेत. पहिली, तीन ते सहा वयाला शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला पाहिजे. दुसरी, औद्योगिक वसाहतींत लहान शेडसाठी मिळून पाळणाघरे आणि कामाच्या वेळांशी जुळणाऱ्या बालवाड्या हव्यात. तिसरी, सेविकांना मानधन नव्हे, वेतन मिळाले पाहिजे. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला आहे. पुढचे पाऊल सरकारने टाकायचे आहे.

परंतु नुसत्या मागण्या करून भागणार नाही. १३ डिसेंबर २००६ रोजी अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला होता की, ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. दलित-आदिवासी वस्त्यांना अग्रक्रम द्यावा. तो खटला पुढे निकाली निघाला, पण त्या आदेशाचा दाखला देऊन अर्ज करायला कोणी अडवलेले नाही. कार्यकर्त्यांनी वही-पेन घेऊन घरोघर मुले मोजावीत, आयांच्या सह्या घ्याव्यात, अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. त्या पोचेशिवाय पुढची लढाई उभी राहत नाही.

शासन जागा नाही असे उत्तर देईल. त्यावर आमच्याजवळ तोड आहे. तळवड्यापासून जवळच, देहूरोडला, २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्यानंतर गावोगाव, वस्तीवस्तीत आम्ही विहारे बांधली. त्यांतली अनेक संध्याकाळच्या वंदनेपर्यंत कुलूपबंद असतात. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी थेट आदिवासींच्या अंगणात नेली होती. आम्हाला ती आमच्या विहारात आणता येणार नाही काय? सकाळी नऊ ते बारा विहाराचे दार उघडावे, सतरंजी अंथरावी आणि सर्व जातींच्या, सर्व धर्मांच्या मुलांना गोल करून बसवावे. मुले गोंधळ करतील, माती सांडतील. सांडू द्यावी. विहार मळाले तर झाडून घेता येते. हातचे गेलेले वय परत आणता येत नाही.

जयभीम!